वियोगानंतरचे कर्तव्य

घरातील माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याने शोक करावा की करू नये, आणि केल्यास कोठवर करावा, हा प्रश्न आपल्या मार्गातील उपदेशी कुटुंबांतून वारंवार विचारला जातो. विचारणारा बहुधा शास्त्रचर्चेसाठी विचारीत नाही. ज्या मातेचे मूल गेले, ज्या वृद्धाच्या आधी त्याचा कर्ता मुलगा गेला, ज्या तरुणीच्या पदरात दोन लेकरे टाकून पती निघून गेला, तिच्या प्रश्नाखाली दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. आता मी जगावे ते कशासाठी, हा तो प्रश्न होय. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा टाळला, तर विचारणारा होता तेथेच राहतो. म्हणून दोहोंचा विचार येथे एकत्र करावयाचा आहे.

पूर्वपक्ष

पूर्वपक्षी असे म्हणतो : जीव नित्य आहे आणि प्रपंच अनित्य आहे. देह हा प्रपंचाचा भाग. पती, पत्नी, पुत्र, बंधू ही नाती त्या देहापुरती. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी अनुसरलेल्या साधकास देश सोडण्यास सांगितले, गाव सोडण्यास सांगितले, आणि आप्तांचा संबंध तर विशेषेकरून सोडण्यास सांगितले. मग जे सोडावयाचेच होते ते आपोआप सुटले असता अश्रू कशासाठी ? शोक हे मोहाचे कार्य आहे. ज्याला ज्ञान झाले तो शोक करीत नाही. जो शोक करतो त्याला ज्ञान झालेले नाही.

हा पक्ष दुबळा नाही. जीव नित्य आणि देह अनित्य, हे त्यातील तत्त्व आपणां सर्वांस मान्यच आहे. परंतु त्या तत्त्वावरून काढलेला निष्कर्ष दोन ठिकाणी अडतो.

पहिली अडचण अशी की, येथे त्याग आणि वियोग यांची गल्लत झाली आहे. त्याग साधक स्वतः होऊन, जाणतेपणाने, आप्त हयात असताना करतो. वियोग त्याच्यावर येऊन पडतो. जो घर सोडून निघाला त्याच्या मागे घर उभे असते. ज्याचे घरच कोसळले त्याची स्थिती निराळी. शिवाय संबंधत्यागाची आज्ञा ही साधकाने स्वतःच्या ममतेला लावावयाची आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्यासाठी ती आज्ञा पुढे करणे, हा तिचा दुरुपयोग होय. आपल्या ममतेविषयी कठोर आणि परक्याच्या वेदनेविषयी कोमल असणे यात विरोध मुळीच नाही. किंबहुना पहिले साधावयाचे ते दुसरे निर्वेधपणे करता यावे म्हणूनही.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. ज्ञान झालेला शोक करीत नाही, असे म्हणावयाचे तर ज्याला ज्ञान मिळाले यात कोणासही शंका नाही अशा एखाद्या पुरुषाच्या आयुष्यात ते पडताळून पाहिले पाहिजे. असा पुरुष शोधण्यास दूर जावे लागत नाही. प्रत्यक्ष भगवान श्रीकृष्ण चक्रवर्तींच्या मुखातून ज्याने गीता ऐकली तो अर्जुन आपल्यासमोर आहे.

तेराव्या दिवसाची सायंकाळ

गीता सांगितली गेली ती युद्धाच्या आरंभी, पहिल्या दिवशी. अभिमन्यू पडला तो तेराव्या दिवशी. मध्ये दोन आठवडेही लोटले नव्हते. जीव मरत नाही आणि मारीतही नाही, हे अर्जुनाने ज्यांच्याकडून ऐकले ते अजून त्याच्याच रथावर सारथी म्हणून बसलेले होते.

त्या दिवशी अर्जुन संशप्तकांशी लढत दूर गेला होता. सायंकाळी तो परतला तेव्हा शिबिरात वाद्ये वाजत नव्हती. कोणी त्याच्या डोळ्याला डोळा देईना. नित्य नियमाने हसत सामोरा येणारा मुलगा आज का येत नाही, असे त्याने विचारले, आणि उत्तर मिळण्याआधीच त्याला ते कळून चुकले. मग गांडीव धारण करणारा तो पुरुष सामान्य बापासारखा रडला. मुलाचे डोळे, त्याचे बोलणे, मोठ्यांपुढील त्याचा विनय हे सारे आठवून आठवून रडला.

आता श्रीकृष्णांनी काय केले ते नीट पाहिले पाहिजे, कारण या प्रश्नाचे उत्तर तेथे आहे. इतक्या लवकर गीता विसरलास काय, असे त्यांनी म्हटले नाही. शोकाबद्दल त्याला हीन लेखले नाही. त्यांनी प्रथम त्याला आवरून धरले. ज्या वाटेने मुलगा गेला ती युद्धातून माघार न घेणाऱ्या सर्वच शूरांची वाट आहे, असे सांगितले. जाणावयाचे ते तू जाणतोसच, एवढी आठवणही दिली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तुला असे पाहून हे तुझे भाऊ आणि हे सुहृद खचून गेले आहेत, तेव्हा तू त्यांना धीर दे, असे त्यांनी त्यास सांगितले.

पुढे ते सुभद्रेकडे गेले. सुभद्रा त्यांची बहीण. गेलेला मुलगा त्यांचा भाचा. तिचा विलाप ऐकून घेतला. ती शुद्ध हरपून पडली तेव्हा तिच्यावर पाणी शिंपडून तिला सावध केले. आणि मग तिलाही तेच सांगितले : सुनेला सावर. उत्तरा तेव्हा गर्भवती होती.

पुत्र गेलेल्या पित्याला आणि पुत्र गेलेल्या मातेला, दोघांनाही श्रीकृष्णांनी एकच काम दिले. आपल्याइतकाच किंवा आपल्याहून अधिक जो पोळला आहे त्याच्याजवळ जा आणि त्याला उभे कर. येथे ज्ञान अश्रूंच्या आड आले नाही. अश्रूंनंतर काय करावयाचे ते मात्र ज्ञानाने सांगितले. जगावे कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर शोक करणाऱ्याला स्वतःच्या अंतरंगात खोदून सापडत नाही, कारण ती जागाच त्या वेळी रिकामी झालेली असते. ते उत्तर त्याच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या दुःखिताच्या रूपाने आधीच आलेले असते. त्याच्याकडे मान वळविणे एवढेच बाकी असते.

क्रमही लक्षात घ्यावा. आधी पाणी, मग शब्द, आणि शेवटी काम. हा क्रम उलटा केला तर तेच काम दुःखिताच्या पाठीवर आणखी एक ओझे होऊन बसते.

शोकाची दुसरी वाट

कोणी म्हणेल, शोक करणाऱ्याला काही तरी ध्येय मिळाले म्हणजे झाले. ते कोणते का असेना. हे मत फार घातक आहे. ध्येय तर सूडानेही मिळते, आणि ते फार त्वरित मिळते.

त्याच महाभारतात अश्वत्थाम्याचा शोक आहे. पंधराव्या दिवशी त्याचा पिता द्रोण शस्त्र खाली ठेवलेले असताना मारला गेला, आणि त्याआधी असत्याने फसविला गेला. अश्वत्थाम्याचे दुःख खरे होते आणि त्याची तक्रारही खोटी नव्हती. पण त्या दुःखाने त्याला जे ध्येय दिले ते असे की, अठराव्या दिवसाच्या रात्री त्याने निजलेल्यांना मारले. द्रौपदीचे पाचही पुत्र त्यात गेले. एवढ्याने न भागून त्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. बापाच्या मृत्यूने जे त्याला झाले ते त्याने एका आईला केले, आणि दुसऱ्या आईला करू पाहिले.

अर्जुनही या वाटेच्या अगदी कडेवर उभा होता हे विसरता येत नाही. उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन, ही त्याची प्रतिज्ञा त्याच सायंकाळची. सांत्वन ऐकूनही मनुष्याचा शोक क्रोधाच्या हाती जाऊ शकतो, हे महाभारत लपवीत नाही.

तेव्हा भेद शोक असण्या-नसण्याचा नाही, आणि ध्येय असण्या-नसण्याचाही नाही. मला जे झाले ते आणखी कोणाला व्हावे, की मला जे झाले ते आणखी कोणाला होऊ नये, या ठिकाणी वाट फुटते. अश्वत्थाम्याला शाप मिळाला तो तीन सहस्र वर्षे एकाकी, कोणाशी न बोलता, वाहत्या जखमांसह भटकण्याचा. दुःख दुसऱ्यावर लोटणाऱ्याची जखम बरी होत नाही, हा त्याचा अर्थ सहज कळण्यासारखा आहे. आणि ज्या गर्भावर त्याने अस्त्र सोडले तो परीक्षित श्रीकृष्णांनी जीवंत केला. पांडवांचा वंश पुढे चालला तो ज्या सुनेला सावरण्यास सुभद्रेला सांगितले होते तिच्याच पोटी.

ऋद्धिपूरची मंडळी

आपल्या पंथाचा इतिहासही याच प्रश्नातून गेला आहे. स्वामींनी उत्तरापंथे गमन केले तेव्हा मागे राहिलेल्यांची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करावी. ज्यांनी घरदार सोडले होते त्यांना परत जाण्यास घर नव्हते, आणि ज्यांच्यासाठी सोडले तेही दृष्टीआड झाले होते. श्रीनागदेवाचार्य, म्हणजे आपले भटोबास, वियोगाने व्याकुळ झाले. पण स्वामींनी त्यांना मोकळे सोडले नव्हते. ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात जाण्याची आज्ञा आधीच दिलेली होती. मंडळी तेथे गेली आणि सेवेला लागली.

पुढे श्रीप्रभूंचाही वियोग झाला. हा दुसरा आघात. तेराव्या शतकाच्या अखेरीस, या दोन आघातांच्या छायेत, म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा मिळविण्याचे काम हाती घेतले. ज्याने जे पाहिले, ज्याने जे ऐकले, त्याच्याकडे जाऊन ते विचारून घ्यावयाचे, भटोबासांकडून पारखून घ्यावयाचे आणि मग लिहावयाचे. ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून विद्वान गौरवितात. तो गौरव योग्यच आहे. पण तो वियोगी माणसांनी सिद्ध केलेला ग्रंथ आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा स्मरणातून तो पुन्हा उभा करावा लागला. म्हणजे गमावणे आणि पुन्हा सावरणे हे त्या ग्रंथाच्याही वाट्याला आले.

येथे स्मरण आणि मोह यांतील अंतर स्पष्ट होते. मोह गेलेल्याला आपल्यासाठी परत मागतो. स्मरण गेलेल्याचे जे होते ते दुसऱ्याच्या हाती देते. लीळा लिहिल्या त्या लिहिणाऱ्यांचे अश्रू सुकावेत म्हणून नव्हे, तर ज्यांनी स्वामींना पाहिले नाही त्यांना ते भेटावेत म्हणून.

भटोबासांची भाषेविषयीची भूमिका सर्वश्रुत आहे. संस्कृतात ग्रंथरचना करू पाहणाऱ्या पंडित शिष्याला त्यांनी अडविले. त्यामुळे मार्गातील वृद्ध स्त्रिया वंचित होतील, हे त्यांचे कारण होते. हे वचन मराठीच्या अभिमानाचे म्हणून सांगितले जाते. वस्तुतः ते आधी करुणेचे आहे. गुरूंच्या वियोगाने पोळलेला हा आचार्य विचार करीत होता तो आपल्याहून असहाय असलेल्या म्हाताऱ्या बायकांचा. त्यांना काय उरेल, हा त्याचा प्रश्न होता.

आणि महदाइसांचे उदाहरण तर प्रत्येक दुःखी स्त्रीने जवळ बाळगावे असे आहे. त्यांना अल्पवयात वैधव्य आले. ज्या समाजात विधवेची सावली मंगलकार्यावर पडू देत नसत, त्या समाजातील ही स्त्री. ऋद्धिपुरास श्रीप्रभूंच्या विवाहाची लीळा चालली असता वरगीते म्हणण्याची प्रवृत्ती श्रीप्रभूंनी केली ती महदाइसांना. त्यांनी श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे ‘धवळे’ गाइले आणि मराठीला आद्य कवयित्री मिळाली. जिला लग्नमंडपाबाहेर उभे राहावयाचे होते तिच्याच कंठातून लग्नाची गाणी निघाली. यात महदाइसांची प्रतिभा आहे. पण जिला जगाने अमंगल ठरविले तिला श्रीप्रभूंनी मंगलाचे काम दिले, हेही त्यात आहे. दुःखिताला काम देणारा कोणी तरी असावा लागतो.

फळाचा प्रश्न

ही गोष्ट पंथापुरती नाही आणि प्राचीन काळापुरतीही नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा मुलगा जन्मल्यानंतर दहा दिवसांतच गेला. त्या वेळी त्या चौदा वर्षांच्या होत्या. या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. आणि पदवीसाठी प्रबंध लिहिला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. विषयाची निवडच पुरेशी बोलकी आहे. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु त्या क्षयाने खंगल्या होत्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते काम हाती घेण्यापूर्वीच पुण्यास निवर्तल्या.

त्यांनी एका तरी आईचे मूल वाचविले काय, असा हिशेब मांडला तर हाती फारसे काही लागणार नाही. पण त्यांच्यामागून ज्या मुली वैद्यक शिकण्यास निघाल्या त्यांना ही वाट कोणी तरी चाललेली दिसली. म्हणून एक सावधगिरी सांगावीशी वाटते. दुःखानंतर हाती घेतलेले काम ही दुःखाची भरपाई नव्हे. ते गेलेल्याच्या बदल्यात मिळत नाही, आणि त्याला यश आले नाही म्हणून ते व्यर्थही होत नाही. भरपाई समजून जो काम करतो त्याच्या पदरी दुसरी निराशा येते.

येथे शास्त्रदृष्ट्याही एक खुलासा आवश्यक आहे. दुसऱ्याला सावरणे हे मोक्षाचे साधन आहे, असे प्रतिपादन येथे केलेले नाही. मोक्षदाता परमेश्वर एकच, आणि त्याच्या ज्ञान-भक्तीवाचून जीवाची सुटका नाही. पण शोकाने स्वतःभोवती भिंत घालून घेतलेल्या जीवाला नामस्मरणही घडत नाही. ओठांवर नाम आणि मनात केवळ आपलेच दुःख, अशी त्याची स्थिती होते. दुसऱ्याच्या हाकेला तो उठला म्हणजे ती भिंत ढासळते, आणि मग स्मरणाला जागा होते.

आपण काय करावे

हे सर्व सिद्धान्तापुरते राहू नये. विदर्भात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कर्जापायी आणि नापिकीपायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांची घरे गावोगाव झाली आहेत. त्यांतील कित्येक घरांत आपले भिक्षू भिक्षेसाठी जातात, कित्येक घरे उपदेशी आहेत. अशा घरात जाऊन, जीव नित्य आहे, रडू नकोस, असे पहिल्या भेटीत सांगणे हे शास्त्रही नव्हे आणि माणुसकीही नव्हे. गेलेल्याने असे का केले, याची चौकशी तर कोणीच करू नये. पहिल्या भेटीत बसावे, ऐकावे, त्या माणसाचे नाव घेऊ द्यावे. चूल पेटली आहे की नाही, लेकरे जेवली की नाही, हे पाहावे.

दुसरे, शब्दांहून उपयोगी अशी पुष्कळ कामे असतात. सातबाऱ्यावर वारसांची नोंद करावयाची असते, बँकेचे कागद असतात, मुलांची फी असते. तलाठ्याच्या कार्यालयात त्या बाईबरोबर जाणारा एक जाणता माणूस दहा प्रवचनांच्या तोडीचा आहे. मंदिराच्या प्रत्येक मंडळाने असे दोघे-तिघे नेमून ठेवण्यास हरकत नसावी.

तिसरे, काही काळ गेल्यावर तिच्याकडूनही काही मागावे. हे पुष्कळांना निष्ठुर वाटते. पण आयुष्यभर केवळ कीव घेत राहणे याहून मोठी शिक्षा नाही. पोथी वाचता येत असेल तर पारायणात वाचावयास बसवावे. पुढे गावात दुसऱ्या कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर तिला बरोबर न्यावे. तेथे ती जे बोलेल ते आपण कोणीही बोलू शकणार नाही. कदाचित ती काही बोलणारही नाही, नुसती शेजारी बसेल. मात्र ती तयार आहे की नाही हे तिने ठरवावे, आपण नव्हे. आणि महिनोन् महिने झोप-अन्न तुटलेले असेल, जगणेच नको असे कोणी म्हणू लागले असेल, तर त्याला एकटे ठेवू नये आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. तेथे उपदेश थांबवावा.

ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे अशा वाचकांना एवढेच सांगावयाचे की, आपले अश्रू हे आपल्या अज्ञानाचे प्रमाणपत्र नव्हे. ते येऊ द्यावेत. पाण्याचा तांब्या घेऊन कोणी जवळ आले तर तो घ्यावा. आणि केव्हा तरी डोळे पुसून मान वर होईल तेव्हा घरात आणखी कोण बसले आहे ते पाहावे. सासू असेल, धाकटा दीर असेल, आज काहीच न बोललेली आठ वर्षांची मुलगी असेल. सकाळपासून तिला कोणी विचारलेले नसते. तिला जवळ घ्यावे आणि काही खाल्लेस का, असे विचारावे.